रोझ कॉटेज : फोडलेल्या लाकडाचं घर

सिडनीच्या वायव्येला साधारण साठ किलोमीटरवर, हॉक्सबरी नदीच्या खोऱ्यात विल्बरफोर्स नावाचं छोटं गाव आहे. तिथलं रोझ कॉटेज पाहून डोळे दिपत नाहीत. ठेंगणं छप्पर, पुढे पडवी आणि जाड, ओबडधोबड लाकडी फळ्यांच्या भिंती, एवढंच. पण ऑस्ट्रेलियात मूळ जागी उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या लाकडी घरांत त्याची गणना होते.

थॉमस रोझ हा इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला शेतकरी. जानेवारी १७९३ मध्ये पत्नी जेन आणि मुलांना घेऊन तो ‘बेलोना’ जहाजातून सिडनीला उतरला. कैद्यांच्या त्या वसाहतीत स्वखुशीने आलेल्या पहिल्या शेतकरी कुटुंबांत हे एक होतं. आधी लिबर्टी प्लेन्सला जमीन मिळाली. पुढे हॉक्सबरीच्या सुपीक गाळाने त्यांना इकडे ओढून आणलं. घर १८११ च्या सुमाराचं मानलं जातं. नुकतंच, १८१० मध्ये, गव्हर्नर मॅक्वारीने पुराच्या पाण्यापासून दूर, उंचावर पाच गावं आखली होती. विल्बरफोर्स त्यांतलंच. जागेची ती निवड किती शहाणपणाची होती ते १८६७ मध्ये कळलं. त्या वर्षी शेजारच्या विंडसरला नदी एकोणीस मीटरच्याही वर चढली होती.

असं घर बांधायची रीत मला फार मोलाची वाटते. करवत गिरण्या नव्हत्या, खिळे महाग होते आणि निलगिरीच्या जातीची तिथली झाडं करवतीला दाद न देणारी. पण त्यांतल्या काही जातींचं लाकूड रेषेने सरळ फुटतं. मग झाड पाडायचं, ओंडक्याच्या टोकाला पाचर ठोकायची, मोगराने घाव घालत चीर पुढे न्यायची आणि निघालेली फळी वाकसाने तासायची. फळ्या उभ्या रोवायच्या, नाहीतर खांबांच्या खाचांत आडव्या सोडायच्या. लाकूड ओलंच वापरलेलं असल्यामुळे काही महिन्यांत ते आकसायचं आणि फटी पडायच्या. त्यांत चिखल भरायचा, वर पट्ट्या मारायच्या, आतून कापड किंवा वर्तमानपत्रं चिकटवायची. अनेक घरांत कागदांचे असे थरावर थर सापडतात. घरात कोण राहिलं, त्यांच्या हाती पैसा कधी आला, हे त्यांवरून उलगडतं.

म्हणूनच डागडुजी जपून करावी लागते. फळीचा पाय आधी कुजतो. तिथे ओल असते आणि वाळवीही तिथूनच चढते. सगळी फळी फेकून यंत्रावर कापलेली नवी बसवली की भिंत सरळ दिसते, पण वाकसाच्या खुणा कायमच्या जातात. ऑस्ट्रेलियातल्या जतनकर्त्यांनी १९७९ मध्ये स्वीकारलेली बुरा सनद सांगते की गरजेपुरतंच बदला, शक्य तेवढं जुनं राहू द्या. मला हे शंभर टक्के पटतं.

या वारशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. ही जमीन धरुग लोकांची. नदीकाठच्या मक्याच्या शेतांनी त्यांची कंदमुळं नाहीशी केली, आणि १७९४ पासून दोन दशकांहून अधिक काळ इथे रक्तरंजित संघर्ष चालला. वसाहतकऱ्यांची चिकाटी आणि धरुगांची बेदखली, दोन्ही याच मातीत घडलं. घराची माहिती देणाऱ्याने दोन्ही सांगायला हवं.

एकोणीसशे साठच्या सुमारापर्यंत घर रोझ वंशजांकडेच होतं. पुढे त्याच्याभोवती ऑस्ट्रेलियाना पायोनियर व्हिलेज उभं राहिलं. परिसरातल्या इतर जुन्या इमारती तिथे हलवून आणल्या गेल्या. रोझ कॉटेज मात्र आपल्या जागेवरच आहे. मधली काही वर्षं व्हिलेज बंद पडलं होतं, पण स्वयंसेवकांनी ते पुन्हा उघडलं. सिडनीतल्या मराठी वाचकांनो, उघडण्याच्या वेळा पाहून एकदा मुलांना घेऊन जा. तिकिटाचे पैसे देखभालीला उपयोगी पडतील, आणि वाकसाच्या खुणा अजून जागच्या जागी पाहायला मिळतील.