ट्रकचे दार का लटकते?

शाळेजवळच्या गॅरेजमध्ये एक जुना ट्रक दुरुस्तीला आला होता. त्याचे चालकाच्या बाजूचे दार आधी हाताने वर उचलावे लागे, मग जोरात आपटावे लागे, तेव्हा कुठे ते लागे. आम्ही काही विद्यार्थ्यांसह तेथे उभे होतो. चालक म्हणाला, "मेस्त्री, लॉकची पट्टी जरा खाली घ्या, म्हणजे बसेल दार." मेस्त्री म्हणाले, "अहो, मागच्या खेपेला तेच केलं होतं. आता बिजागरी बघू."

दुखणे लॉकपाशी दिसते, मग मेस्त्री बिजागरीकडे का गेले? याचे उत्तर आपण वर्गात शिकवतो त्या बलाच्या आघूर्णात आहे.

समजा, दाराचे वजन ३० किलो आहे आणि रुंदी १०० सें.मी. म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य बिजागऱ्यांपासून सुमारे ५० सें.मी. दूर आहे. दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सें.मी. अंतर आहे. दाराचे वजन त्याची मोकळी कड खाली फिरवू पाहते. त्याला वरची बिजागरी ओढून धरते, तर खालची ढकलून धरते. दोन्ही मिळून बलयुग्म तयार होते. प्रत्येक बिजागरीवरचे आडवे बल किती? ३० × ५० ÷ ४० = ३७.५ किलो-भार. दार नुसते उघडे असतानाच एवढा ताण पडतो.

आता ५० किलो वजनाचा माणूस केबिनमध्ये चढताना दाराला लोंबकळला, आणि त्याचा हात बिजागरीपासून ८० सें.मी.वर असला, तर त्यात ५० × ८० ÷ ४० = १०० किलो-भाराची भर पडते! जुन्या ट्रकवर हे दिवसातून अनेकदा घडते. त्यात रस्त्यावरची धूळ वंगणात मिसळते आणि पॉलिश पेपरसारखी पिन आणि बुश घासत राहते. भोक हळूहळू लंबगोल होते.

वरची पिन अर्धा मि.मी. बाहेर आणि खालची अर्धा मि.मी. आत सरकली, तर एकूण फरक फक्त १ मि.मी. पण तो ४० सें.मी. उंचीवर पडला आहे. दाराची मोकळी कड १०० सें.मी. दूर आहे. म्हणून ती १ × १०० ÷ ४० = २.५ मि.मी. खाली उतरते. बिजागरीतली झीज लॉकपाशी अशी अडीच पट होऊन दिसते.

यात धोका आहे. बहुतेक वाहनांच्या दाराचे लॉक दोन टप्प्यांत बसते. लटकलेले दार कित्येकदा पहिल्याच टप्प्यावर अडकते. बाहेरून ते लागल्यासारखे वाटते, पण वळणावर किंवा खड्ड्यात उघडू शकते. शिवाय पट्टी खाली सरकवली तरी बिजागरी झिजतच राहते. काही महिन्यांनी पुन्हा तेच.

मेस्त्रींनी प्रथम दार अर्धे उघडून मोकळ्या कडेने वर-खाली हलवले आणि विद्यार्थ्यांना बिजागरीवर नजर ठेवायला सांगितले. पिन भोकात हलत असेल तर पिन आणि बुश झिजले आहेत. बिजागरीची पाती खांबावर हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत. खांबाचा पत्राच हलत असेल तर तो गंजला आहे किंवा त्याला तडा गेला आहे. अशा वेळी वेल्डिंगवाचून इलाज नाही. नवी पिन घालून काही उपयोग नाही.

येथे पिनच हलत होती. मेस्त्रींनी दाराखाली जॅक आणि त्यावर लाकडी फळी ठेवून भार तोलून धरला. दोन्ही बिजागऱ्या एकदम सोडल्या नाहीत. एक पुरी झाल्यावर दुसरी घेतली. जुनी पिन ठोकून काढली, लंबगोल भोक रीमरने पुन्हा गोल केले, त्यात मापाचा पितळी बुश आणि नवी पिन बसवून ग्रीस भरले. पितळ पोलादापेक्षा मऊ असते. त्यामुळे पुढे झिजायचा तो स्वस्तातला बुश झिजेल आणि बिजागरी वाचेल. दाराभोवतीची फट सगळीकडे सारखी झाल्यावरच त्यांनी लॉकच्या पट्टीला हात लावला. ती मागच्या वेळी खाली नेली होती, म्हणून आता वर घ्यावी लागली!

हा प्रयोग वर्गात करता येईल. २० सें.मी. रुंदीचा जाड पुठ्ठा घ्या. त्याच्या एका उभ्या कडेजवळ ८ सें.मी. अंतरावर, एकाखाली एक अशी दोन भोके पाडून तो दोन खिळ्यांवर फळ्याला टांगा. समोरचा कोपरा कोठे येतो तेथे खूण करा. आता दोन्ही भोके डावी-उजवीकडे एकेक मि.मी. लांबट करा. कोपरा किती उतरला? हिशेबाने तो ५ मि.मी. उतरायला हवा. नंतर तशीच लांबट भोके १६ सें.मी. अंतरावर पाडून पाहा. उतार निम्मा होईल. घरांच्या उंच दारांना बिजागऱ्या एकमेकींपासून दूर का बसवतात, ते विद्यार्थी मग आपणच सांगतील.

मेस्त्रींनी आघूर्णाचे सूत्र लिहिले नव्हते. पण दोष दिसतो कोठे आणि असतो कोठे, हा फरक त्यांना नेमका ठाऊक होता. चालकाने दार एका बोटाने ढकलले. 'खट्, खट्' असे दोन आवाज झाले. दोन्ही टप्पे बसले होते.