गेमिंग माऊस घेताना आधी हाताचे माप, मग डीपीआय

सोनगीर (जि. धुळे) : मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. भांड्यावर ठोका नेमका पडायचा असेल, तर हातोडी कारागिराच्या हातात नीट बसली पाहिजे, ही गोष्ट या गावात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. संगणकावर खेळणारी तरुण मंडळी माऊस निवडताना मात्र नेमकी हीच गोष्ट विसरतात. पेटीवर छापलेला सर्वांत मोठा आकडा आणि आतून झळकणारे रंगीत दिवे पाहून खरेदी होते. मग महिनाभरात मनगट दुखू लागते आणि नेमही पूर्वीइतकाच चुकतो.

ही चूक लहान गावात अधिक महाग पडते. पुण्या-मुंबईत चार दुकाने फिरून निदान दोन-तीन माऊस हातात धरून पाहता येतात. सोनगीरच्या ग्राहकाला त्यासाठी धुळे गाठावे लागते किंवा छायाचित्र पाहून ऑनलाइन मागवावे लागते. अनेक विक्रेते वस्तू सदोष निघाल्यासच बदलून देतात. 'हाताला बसत नाही' हा दोष त्यांच्या यादीत नसतो. घरच्यांची समजूत घालून मिळविलेले दोन-तीन हजार रुपये अशा वेळी वाया जातात. म्हणूनच पेटीवरील कोणत्या आकड्याला किती किंमत द्यायची, हे आधीच समजून घेणे बरे.

आकड्यांचा बाजार

माऊसच्या जाहिरातीत सर्वांत ठळक अक्षरांत असतो तो डीपीआय. माऊस एक इंच सरकविला असता तो संगणकाला किती वेळा हालचालीची नोंद पाठवितो, त्याची ही संख्या. डीपीआय ८०० असेल तर एका इंचाला ८०० नोंदी होतात. यात अचूकतेचा संबंध फारसा येत नाही. आकडा वाढला की बाण पडद्यावर अधिक वेगाने धावतो, इतकेच.

हिशेब करून पाहिल्यास जाहिरातीतील गंमत लक्षात येते. नेहमीच्या फुल एचडी पडद्याची रुंदी १,९२० बिंदूंची असते. संगणकातील वेग मूळ स्थितीत ठेवला, तर ८०० डीपीआयवर या टोकापासून त्या टोकाला जाण्यासाठी माऊस सुमारे सहा सेंटीमीटर सरकवावा लागतो. २६,००० डीपीआयवर हेच अंतर दोन मिलिमीटरहूनही कमी भरते. दोन मिलिमीटरच्या हालचालीत संपूर्ण पडदा पार होत असेल, तर त्यावर नेम कसा धरायचा? काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट यांसारख्या नेमबाजीच्या खेळांतील व्यावसायिक खेळाडू बहुतांशी ४०० ते १,६०० डीपीआयच्या दरम्यानच खेळतात, ते यामुळेच. इतका डीपीआय आज स्वस्तातला गेमिंग माऊसही देतो.

अचूकता ठरते ती सेन्सरवर. माऊसच्या पोटात एक अगदी लहान कॅमेरा असतो. दिव्याच्या उजेडात तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो छायाचित्रे घेतो आणि एकामागून एक छायाचित्रांची तुलना करून माऊस कुठे, किती सरकला ते ठरवितो. हात झटक्यात फिरला आणि दोन छायाचित्रांमध्ये काहीच समान उरले नाही, की सेन्सर गोंधळतो. पडद्यावरचा बाण मग भलतीकडेच उडी घेतो. म्हणून पाहायचा आकडा डीपीआयचा नव्हे, आयपीएसचा. माऊस सेकंदाला किती इंच वेगापर्यंत हालचाल बरोबर टिपू शकतो, हे त्यावरून कळते. ४०० आयपीएस म्हणजे सेकंदाला सुमारे दहा मीटर. खेळाच्या भरातही टेबलावरचा हात या वेगाजवळ जात नाही. तेव्हा ३०० ते ४०० आयपीएसचा सेन्सर घरच्या खेळाडूला पुरून उरतो. तैवानमधील पिक्सआर्ट ही कंपनी असे सेन्सर बनविते आणि माऊस विकणाऱ्या अनेक कंपन्या तेच वापरतात. नावे वेगळी असली, तरी दोन माऊसचा सेन्सर एकच असू शकतो. पेटीवर सेन्सरचे नाव किंवा आयपीएस यांपैकी काहीच दिलेले नसेल, तर तो माऊस न घेतलेला बरा.

तिसरा आकडा पोलिंग रेटचा. माऊस संगणकाला सेकंदाला किती वेळा खबर देतो, ते त्यातून समजते. कार्यालयातला साधा माऊस सहसा १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी खबर देतो, तर गेमिंग माऊस १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. हा फरक जाणवू शकतो. आता ८,००० वेळांचे माऊसही बाजारात आले असून त्यांसाठी जास्त पैसे मोजावे लागतात. येथे थोडा विचार हवा. १,००० वरून ८,००० वर गेल्यास दोन खबरींमधील अंतर एक मिलिसेकंदावरून ०.१२५ मिलिसेकंदावर येते, म्हणजे बचत एका मिलिसेकंदाहूनही कमी. याउलट ६० हर्ट्‌झचा मॉनिटर बदलून १४४ हर्ट्‌झचा घेतला, तर दोन चित्रांमधील अंतर जवळपास १७ मिलिसेकंदांवरून सातवर येते. खिशात ठरावीकच रक्कम असेल, तर माऊस मध्यम घेऊन उरलेले पैसे मॉनिटरसाठी ठेवावेत. शिवाय घरचे इंटरनेट कधी गती पकडते, कधी सोडते. त्या चढउतारापुढे माऊसच्या पाव-अर्ध्या मिलिसेकंदाची कौतुके फोल ठरतात.

हाताचे माप

आकड्यांच्या या गर्दीत मागे पडतो तो माऊसचा आकार. खरे पाहता आराम आणि नेम या दोन्ही गोष्टी सर्वांत आधी त्याच्यावरच अवलंबून असतात. बेढब माऊस बोटांना आवळून धरावा लागतो. आवळलेल्या बोटांनी बारीक हालचाल होत नाही.

मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटावरच्या पहिल्या रेषेपर्यंत हाताची लांबी पट्टीने मोजावी. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी तळव्याची रुंदी घ्यावी. साधारणपणे १७ सेंटीमीटरपर्यंतचा हात लहान, १७ ते १९ चा मध्यम आणि त्यापुढचा मोठा समजतात. माऊसची लांबी हाताच्या लांबीच्या सुमारे साठ टक्के असावी, असा एक ढोबळ हिशेब खेळाडूंमध्ये रूढ आहे. १८ सेंटीमीटरच्या हाताला या हिशेबाने ११ सेंटीमीटरच्या आसपासचा माऊस सोयीचा ठरतो. उदाहरणादाखल, लॉजिटेकचा जी-१०२ हा माऊस सुमारे साडेअकरा सेंटीमीटर लांब आणि ८५ ग्रॅम वजनाचा आहे, तर रेझरचा डेथॲडर इसेन्शियल पावणेतेरा सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि ९६ ग्रॅमचा. डेथॲडरची पाठ उजव्या हाताच्या तळव्याप्रमाणे उंच व वळणदार आहे. मोठ्या हाताच्या माणसाला तो मऊ गादीसारखा वाटेल, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात तोच ओझे होईल.

हा हिशेब प्रत्येकाला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण माऊस धरण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. काही जण अख्खा तळवा माऊसवर टेकवितात. त्यांना लांब आणि उंच पाठीचा माऊस हवा. काहींची बोटे पंज्यासारखी वाकलेली असतात व तळव्याचा मागचा भागच माऊसला टेकतो. त्यांना मध्यम लांबीचा, मागे फुगीर असलेला माऊस मानवतो. तिसऱ्या प्रकारात माऊस फक्त बोटांच्या टोकांनी धरला जातो आणि तळवा अधांतरी राहतो. तेथे माऊस जितका लहान आणि हलका, तितका चांगला. आपली पद्धत कोणती, हे आठवून सांगता येत नाही. दुसऱ्या कोणाला तरी खेळताना हाताचे छायाचित्र काढायला सांगावे आणि मग पाहावे. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजू सारख्या असलेलाच माऊस निवडावा. मात्र अशा माऊसवरही अंगठ्याची बटणे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुकानात जाऊन माऊस हाताळण्याची सोय नसेल, तर घरच्या घरी एक युक्ती करता येते. कंपनीच्या माहितीत लांबी, रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. त्या मापाचा गोळा घट्ट मळलेल्या कणकेचा किंवा शाडूचा करावा, छायाचित्र पाहून त्याला वळण द्यावे आणि नेहमीच्या पद्धतीने धरून पाहावे. करंगळी घासते का, अंगठा कुठे येतो, तळवा टेकतो की नाही, हे दोन मिनिटांत कळते. हे हास्यास्पद वाटेल खरे, पण छायाचित्र पाहून केलेल्या अंदाजापेक्षा ते कितीतरी भरवशाचे आहे.

वजनाचे म्हणाल, तर गेल्या काही वर्षांत हलक्या माऊसची लाट आली आहे. २०२० च्या अखेरीस आलेला लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट बिनतारी असूनही ६३ ग्रॅमच्या आत होता. वजन कमी करण्यासाठी काही कंपन्यांनी माऊसच्या पाठीला पोळ्यासारखी भोके पाडली. खानदेशात हा प्रकार जरा विचार करूनच घ्यावा. येथील उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, धूळ उडते आणि हाताला घाम येतो. घाम आणि धूळ भोकांतून थेट आतल्या भागांपर्यंत पोहोचते. बाजूंना रबराचा लेप असलेले माऊसही घामाने काही काळानंतर चिकट होऊ लागतात. खडबडीत पोताचे साधे प्लॅस्टिक येथे अधिक टिकते. ६० ते ९० ग्रॅमच्या दरम्यानचा, भोके नसलेला माऊस बहुतेकांना पुरेसा हलका वाटावा.

धुळीशी माऊसचे वैर तसे जुनेच. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत बनविलेला पहिला माऊस लाकडी होता व त्याच्या खाली दोन चाके होती. पुढे चाकांची जागा रबरी गोळीने घेतली. सायबर कॅफेच्या काळात खेळलेल्यांना ती गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडणे चांगलेच आठवत असेल. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाऊस एक्सप्लोरर हा प्रकाशावर चालणारा माऊस आणला आणि त्यानंतर गोळी मागे पडत गेली. धूळ मात्र राहिली. आता ती सेन्सरच्या भिंगावर आणि तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली बसते.

मनगट आणि टेबल

माऊस कितीही उत्तम असला, तरी टेबलाच्या कडेवर मनगट टेकवून तासन्‌तास खेळल्यास त्रास होणारच. मनगटातील एका अरुंद बोगद्यातून हाताची मुख्य नस जाते. मनगट वाकलेले किंवा दाबलेले राहिले, की तिच्यावर ताण येतो आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येऊ लागतात. कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात तो हाच विकार. अशा मुंग्या वारंवार येत असतील किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर नवा माऊस शोधण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे.

कोपर टेबलाच्या उंचीला आणि मनगट सरळ रेषेत हवे. खुर्ची ठेंगणी असेल तर खाली उशी घालावी. खेळातील वेग इतका ठेवावा, की पूर्ण गिरकी घेण्यासाठी माऊस ३० ते ५० सेंटीमीटर सरकवावा लागेल. असे केल्याने मनगटाऐवजी कोपर व खांदा काम करतात आणि नेमही स्थिर होतो. अर्थात त्यासाठी मोठा कापडी माऊसपॅड लागतो. माऊसच्या किमतीचे दोन-तीनशे रुपये कमी करून ते पॅडवर घालण्यास हरकत नाही. काचेच्या टेबलावर किंवा वर्तमानपत्राच्या घडीवर माऊस चालवून सेन्सरला दोष देणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

आल्यावर काय पाहावे

माऊस घरी आला की बदलून घेण्याची मुदत संपण्यापूर्वीच त्याची परीक्षा घ्यावी. आधी विंडोजच्या माऊस सेटिंगमधील 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाकावी. नाव अचूकतेचे असले, तरी ही सोय हाताच्या वेगानुसार बाणाचे अंतर बदलते. त्यामुळे हाताला अंतराची सवय लागत नाही. मग नेमबाजीच्या खेळात एखाद्या खुणेवर नेम धरून पॅडवर माऊसच्या जागी खूण करावी, माऊस झटक्याने दूर नेऊन सावकाश परत त्याच जागी आणावा. नेम मूळ खुणेच्या आसपास परतला पाहिजे. तो फार दूर गेला, तर सेन्सर वेगात गोंधळतो असे समजावे. पेंटमध्ये सावकाश तिरप्या रेषा ओढून पाहाव्यात. त्या थरथरत असतील तर आधी पॅड आणि भिंग पुसून पुन्हा पाहावे.

शेवटी बटणे. एका टिचकीत फोल्डर उघडत असेल, म्हणजे एकदा दाबूनही दोनदा नोंद होत असेल, तर बटणाखालील स्विच सदोष आहे. हा दोष नव्या माऊसमध्ये क्वचितच आढळतो, पण वर्ष-दीड वर्षाच्या वापरानंतर पुष्कळदा दिसतो. तोपर्यंत कंपनीची हमी चालू असेल, तर माऊस बदलून मिळू शकतो. त्यासाठी जीएसटीचे बिल आणि अनुक्रमांक असलेली पेटी जपून ठेवलेली असावी लागते.