बांबू कोणता मायनर?

धानोरा तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवते. मागे श्रुतलेखनात वाक्य घातलं, बांबू हे मायनर फॉरेस्ट प्रोड्यूस आहे. वह्या उघडते तर निम्म्या वर्गाने 'मायनर'च्या शेवटी ओ-आरऐवजी ई-आर लिहिलेलं. म्हणजे बांबू खाणकामगार झाला! रजेच्या अर्जात 'डिअर'ला दोन ई लावून मला हरीण करणारे दरवर्षी निघतात, त्याचं आता हसूही येत नाही. पण ही चूक खास आपल्याकडची. कुणाचा मामा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत, कुणाचा काका माजरीला; पोरांच्या लेखी मायनर तोच.

मी सांगते, फार्मर, टीचर, मायनर, काम करणाऱ्याला ई-आर. (डॉक्टर हा नियम मोडतो, पण कुणी विचारेपर्यंत मी गप्प.) ओ-आरवाला मायनर लॅटिनमधून आला, मेजरचा धाकटा भाऊ. 'मायनर अटॅक येऊन गेला' म्हणतो तो हाच, अठराच्या आतला वारसही हाच. मुरूम-वाळू तर मायनर मिनरल, म्हणजे ओ-आरवाल्याला खणून काढतो तो ई-आरवाला.

आमच्या भागात या 'लहान' शब्दाने मोठं भांडण केलं. 1927 च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, त्यामुळे त्यावर वनखात्याचा ताबा. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला स्पष्ट नाव घेऊन गौण वनोपजात, म्हणजे मायनरमध्ये घातलं. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवाच होता. 27 एप्रिल 2011 ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जुन्या कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू निघाला तो थेट 2017 मध्ये.

हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक जण उठला. "पण मॅडम, सूप बांबूचं, टोपली बांबूची, ताटी बांबूची, पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या कोंबांची, वास्त्याची भाजी. मंग बांबू लहान कसा?"

मी त्याच्या वहीतला ई खोडून ओ केला, अर्धा गुण कापला आणि पुढची वही ओढली.