मुंबई ते लंडन विमानाने किती तास? तिकिटावरची वेळ अशी वाचा

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किमी आहे. मोठं विमान ताशी 900 किमीच्या आसपास उडतं. म्हणजे 8 तास पुरायला हवेत ना? पण थेट फ्लाइटला जाताना 10 तासांच्या आसपास लागतात, येताना साधारण 9.

असं का होतं?

टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी विमानाचा वेग कमी असतो. शिवाय साधारण 10 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हे वारे समोरून येतात, परतताना मागून ढकलतात.

तिकीट कसं वाचायचं?

तिकिटावर दोन्ही शहरांची स्थानिक वेळ असते. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी 2 ला सुटून लंडनला संध्याकाळी 6:30 ला पोचतं. साडेचारच तास? नाही! हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणून प्रवास 10 तासांचा. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो.

येताना रात्री 9 ला निघालात तर मुंबईत सकाळी 11:30 ला पोचाल, पण दुसऱ्या दिवशी. तिकिटावर त्या वेळेशेजारी छोटंसं '+1' दिसतं, त्याचा अर्थ हाच. ते न बघता घरी जायची ट्रेन बुक केलीत, तर ट्रेन आदल्या दिवशीच निघून गेलेली असेल आणि पैसे पाण्यात!

म्हणून पैसे भरण्याआधी 'ड्युरेशन' आणि '+1' दोन्ही नक्की तपासा.