कुंडीतलं एक रोप आणि दहा वर्षांपर्यंतची कैद : घरात गांजा लावण्याबद्दल प्रत्येक कुटुंबाला माहीत हवं असं काही

कॉलेजला जाणारा मुलगा खोलीचं दार बंद ठेवायला लागला, की आई-वडिलांचा पहिला संशय मोबाईलवर जातो. कपाटात कुंडी असेल, वर दिवा लावलेला असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. पण मोठ्या शहरांतल्या फ्लॅटमध्ये, बंद खोलीत, दिव्याच्या उजेडावर वाढवलेली गांजाची रोपं सापडल्याच्या बातम्या आता आपण सगळेच वाचतो. त्यात पकडले जाणारे सगळे काही मुरलेले गुन्हेगार नसतात. शिकलेली, चांगल्या घरातली मुलंही त्यात असतात.

अशी मुलं साधारण तीन गोष्टी बोलतात. ‘विकायचा नाही, स्वतःपुरतं एकच रोप आहे.’ ‘एक किलोपर्यंत काही होत नाही.’ ‘ही तर वनस्पती आहे, केमिकल थोडंच आहे.’ व्हिडिओ बघून, मित्रांचं ऐकून त्यांना हे खरंही वाटत असतं. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांची किंमत एकटा मुलगा नाही, अख्खं घर मोजतं. म्हणून हा विषय आम्ही सोप्या भाषेत मांडतो आहोत.

‘एक किलोपर्यंत चालतं’ हे कुठून आलं?

आपल्या देशात अंमली पदार्थांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. या कायद्यात शिक्षा ठरवताना पदार्थाचं वजन बघतात. गांजा एक किलोपर्यंत असेल तर त्याला ‘अल्प प्रमाण’ म्हणतात, वीस किलोच्या वर गेला तर ‘व्यापारी प्रमाण’. अल्प प्रमाणात गांजा जवळ सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एक आणि वीस किलोच्या मधे असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय किमान एक लाख दंड.

म्हणजे पहिली गोष्ट अशी, की एक किलोच्या आत असलं तरी तो गुन्हाच आहे. फक्त शिक्षा कमी आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तीच बहुतेकांना माहीत नसते. हा वजनाचा हिशोब गांजा *जवळ बाळगण्यासाठी* आहे, *लावण्यासाठी* नाही. कलम ८ सांगतं की गांजाचं कोणतंही झाड कुणीही लावायचं नाही. सरकारी परवानगीने औषध, संशोधन किंवा धाग्यासाठी होणारी लागवड तेवढी अपवाद. आणि कलम २० मध्ये लागवडीची शिक्षा वेगळी दिलेली आहे : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. तिथे वजन नाही, रोपांची संख्या नाही, ‘स्वतःपुरतं’ असा शब्दही नाही.

आता हिशोब बघा. कुणाच्या खिशात थोडा गांजा सापडला तर कमाल शिक्षा एक वर्ष. त्याच मुलाने गॅलरीत एक रोप लावलं तर कमाल शिक्षा दहा वर्षं. विकत घेण्यापेक्षा घरी लावलेलं सुरक्षित, असं मुलांना वाटतं. कायद्यात नेमकं उलटं आहे. प्रत्येकाला दहा वर्षंच होतील असं नाही, ते कोर्ट ठरवतं. पण गुन्हा त्या वर्गातला लागतो आणि अटक, जामीन, खटला सगळं त्याच हिशोबाने चालतं.

बियांबद्दलही असाच घोळ आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं किंवा बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून ‘बी मागवलं तर काय होतंय’ असं मुलं म्हणतात. पण तेच बी कुंडीत रुजवलं, की ती लागवड झाली. फूल यायची वाट कायदा बघत नाही.

घर कुणाच्या नावावर आहे?

कलम २५ घरच्यांनी नीट वाचावं असं आहे. घर, खोली, गाळा किंवा गाडी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने माहीत असूनही तिथे असा गुन्हा होऊ दिला, तर त्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. म्हणजे ‘पोरगं ऐकत नाही, काय करणार’ म्हणून गप्प बसलेले अब्बू, किंवा मुलाने सांगितलं म्हणून रोज कुंडीला पाणी घालणारी अम्मी, दोघंही अडचणीत येऊ शकतात. ज्यांनी खोली भाड्याने दिली आहे त्यांनाही हेच लागू होतं.

गावाकडे शेत असेल आणि ते वाट्याने दुसऱ्याला कसायला दिलं असेल, तर तिथेही लक्ष ठेवा. तुरीच्या, कपाशीच्या आड गांजाची झाडं लावल्याची प्रकरणं राज्यात होत असतात. आपल्या जमिनीत अशी लागवड आहे हे कळल्यावर पोलिसांना कळवणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे. कळूनही लपवलं तर तोही गुन्हा ठरतो.

आणखी एक. या कायद्यात काही बाबतींत सिद्ध करायचा भार उलटा आहे. जे सापडलं ते तुमच्या ताब्यात होतं हे दिसलं, की ‘मला माहीत नव्हतं’ हे पटवून देण्याची जबाबदारी आरोपीवर येते. साध्या फौजदारी खटल्यासारखं इथे नाही.

व्हिडिओतला देश वेगळा, आपला वेगळा

मुलं जे बघतात ते बहुतेक बाहेरचं असतं. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि देशाच्या कायद्याप्रमाणे एका घरात चार रोपांपर्यंत लावता येतात, काही प्रांतांचे नियम वेगळे. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन रोपं ठेवता येतात. दक्षिण आफ्रिकेत, जिथे केपटाऊनला आपली कोकणी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथल्या घटनापीठाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांना खासगी जागेत स्वतःपुरतं लावायला मोकळीक दिली. तिथला मामेभाऊ फोटो पाठवतो, इथल्या पोराला वाटतं जगभर चालतंय.

थायलंडने २०२२ मध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणला. मधल्या काळात बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरणाऱ्यांच्या बॅगांत तथाकथित ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडला जाण्याची रांगच लागली. ‘फिरायचा खर्च आम्ही करतो, येताना एक बॅग आण’ असं सांगून तरुणांना पाठवतात. तिथे दुकानात मिळत होतं, हे इथल्या कोर्टात उत्तर होत नाही. आणि आखाती देशांत तर याबाबत कायदा फार कडक आहे, हे आपल्या घरांना सांगायला नकोच.

‘वनस्पती आहे’ म्हणजे निरुपद्रवी?

आज घरात दिव्याखाली वाढवायला जे वाण वापरतात, ते घट्ट, भरगच्च फुलांचे आणि जास्त नशेचे म्हणून निवडलेले असतात. मादी झाडाच्या फुलांवर जी चिकट राळ असते, तिच्यात टीएचसी नावाचं नशेचं द्रव्य असतं. अमेरिकेत पकडलेल्या गांजाच्या तपासणीत १९९५ च्या सुमारास ते चार टक्क्यांच्या आसपास होतं, २०१४ पर्यंत बारा टक्क्यांवर गेलं. म्हणजे आजोबांच्या काळात फकिराच्या चिलमीत जे होतं, ते हे नाही.

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांचा मोठा अभ्यास छापून आला. दहा टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसलं. भास होणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटणं, असा हा आजार. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, म्हणून कोवळ्या वयात धोका जास्त. शिवाय घट्ट फुलाच्या आत ओल राहते आणि बुरशी धरते. ती धुराबरोबर छातीत गेली, तर ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे त्याला ती फार त्रास देते.

दीनाच्या बाजूनेही ‘दारू हराम आहे, याचं नाव कुठे घेतलंय’ हा वाद नवा नाही. अक्कल झाकते ती नशा, नाव काहीही असो, हे तत्त्व मानून फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वीच हशीशला हराम ठरवलं आहे. इब्न तैमिया यांनी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर फार कडक लिहिलं आहे. आजाराच्या उपचारासाठी डॉक्टर देतात त्या औषधाचा प्रश्न वेगळा आहे, तो आपल्या आलिमांना विचारावा.

गुन्हा नोंदला की पुढे काय

निकाल लागायला वर्षं जातात, पण त्रास पहिल्या दिवसापासून सुरू होतो. फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. आखातात नोकरीसाठी पोलिसांचा दाखला मागतात, तो अडकतो. वकिलाची फी, दर तारखेची रजा, कोर्टाच्या फेऱ्या. घरात बहिणीचं लग्न ठरत असेल तर तिथेही प्रश्न येतो. चूक एका पोराची, आणि निस्तरायला अख्खं खानदान.

घरात असं काही दिसलं तर

खोलीतून दिवस-रात्र जांभळट किंवा झगझगीत उजेड येणं, आतून चांदीसारखा चकचकीत छोटा तंबू, सतत चालणारा छोटा पंखा, उग्र वास आणि तो लपवायला अगरबत्ती-स्प्रे, अचानक वाढलेलं लाइट बिल. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे गांजाच असेल असं नाही. मिरची-टोमॅटोची रोपंही लोक दिव्यावर वाढवतात. पण विचारायला हरकत नाही.

विचारताना मारझोड, आरडाओरडा नको. मोहल्ल्यात बोभाटाही नको. रोप कुणाच्या घरी ठेवायला देणं, रात्री गाडीतून नेऊन कुठे टाकणं, असले प्रकार तर अजिबात नकोत. त्यात आणखी माणसं अडकतात. आधी फौजदारी वकिलाशी बोला आणि तो सांगेल तसं करा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. महिला, अठरा वर्षांखालची मुलं, कोठडीतली माणसं आणि कमी उत्पन्नाची कुटुंबं यांना मोफत वकील मिळतो.

मुलाला सवय लागलेली असेल तर तो आजारी आहे, असं धरून चाला. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत नंबर आहे. कायद्यातही इलाजाला जागा आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर कलम ६४-अ प्रमाणे त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते. मात्र हे कलम सेवनासाठी आणि अल्प प्रमाणासाठी आहे. लागवडीच्या गुन्ह्यात त्याच्या भरवशावर राहू नका. रोप लावल्याने गोष्ट किती वाढते, ते यावरूनही कळेल.

पोलीस दारात आले तर

घाबरून पळू नका, अडवू नका, हुज्जत घालू नका. ओळखपत्र विचारा. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घराची झडती घ्यायची असेल तर अधिकाऱ्याला त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. अंगझडती घ्यायची असेल तर ती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या, असं म्हणायचा हक्क आहे. बाईची अंगझडती फक्त बाईच घेईल. पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करू नका. अटक झाली तर कारण सांगितलं पाहिजे, वकिलाला भेटू दिलं पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं पाहिजे. मुलगा अठराच्या आतला असेल तर वयाचा दाखला लगेच द्या, कारण त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

हे सगळं कायदा चुकवायची युक्ती म्हणून सांगत नाही. हक्क माहीत असले की घरचे घाबरून चुकीची पावलं टाकत नाहीत, म्हणून सांगतो.

जुम्म्याच्या बयानात, मदरशात, कॉलेजच्या मुलांच्या बैठकीत हा विषय निघायला हवा. लाज वाटते म्हणून आपण बोलत नाही आणि मुलं मोबाईलवरून शिकतात. आज रात्री जेवताना एवढंच सांगा : ‘बेटा, एका रोपालाही दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि तुला काही त्रास असेल तर आधी आम्हाला सांग.’ पहिलं वाक्य त्याला सावध करेल, आणि दुसरं ऐकून तो कदाचित बोलायला लागेल.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या लेकरांची हिफाजत करो.