इंग्रजी शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजीत

राज्यातील मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वी ते पाचवीला सुरू होई. तरीही अकरावीला शास्त्र शाखेत गेलेला आपला मुलगा पुस्तकासमोर अडतो. शब्द त्याने पाठ केलेले असतात. पण इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द, एवढीच त्याची शिदोरी.

बँकेतलेच उदाहरण घ्या. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ या दोन्हींपुढे मुले ‘उसने’ असे लिहून ठेवतात. मग दिले कोणी आणि घेतले कोणी, याचा घोटाळा होतो. पुढे कर्जाच्या कागदावर सही करताना हाच घोटाळा महागात पडतो. त्याऐवजी वहीत असे लिहावे: बॉरो – यू टेक अ थिंग नाऊ अँड गिव्ह इट बॅक लेटर. लेंड – यू गिव्ह अ थिंग नाऊ अँड गेट इट बॅक लेटर. टेक, गिव्ह, गेट, बॅक हे शब्द लहान मुलालाही येतात. त्यांच्याच आधाराने दोन नवे शब्द कळले, शिवाय वाक्यही तयार झाले.

ही रीत जुनीच आहे. ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी एन्डिकॉट यांच्यासह 1935 साली एक कोश काढला. त्यात सुमारे 24,000 शब्द व वाक्प्रचारांचे अर्थ अवघ्या 1,490 शब्दांत सांगितले होते. बाबासाहेबांनी तयार केलेला पाली शब्दकोश 1998 साली त्यांच्या ग्रंथांच्या 16 व्या खंडात निघाला. त्यात इंग्रजी, मराठी, हिंदी, गुजराती प्रतिशब्द आहेत. प्रौढ अभ्यासकाला तसा कोश हवाच. लहान मुलाचे काम वेगळे.

मात्र अतिरेक नको. ‘मँगो’ची व्याख्या कशाला? आंबा म्हटले की झाले. व्याख्या लागते ती क्रियापदांना आणि जवळच्या अर्थाच्या शब्दांना. ‘टाइड’ला आपल्याकडे भरती आणि ओहोटी असे दोन शब्द, ‘द सी कम्स अप अँड गोज डाउन एव्हरी डे’ यात दोन्ही येतात. ‘फ्लड’ म्हणजे ‘वॉटर कव्हर्स ड्राय लँड’. 22 जुलै 2021 च्या वाशिष्ठीच्या पुराविषयी चार ओळी लिहिताना चिपळूणच्या मुलाला हेच दोन शब्द लागतील.

संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसणाऱ्यांनी रोज तीनच शब्द घ्यावेत. शब्द न सांगता नुसता अर्थ शेजारच्याला वाचून दाखवावा. त्याने शब्द ओळखला तर अर्थ बरोबर. नाही ओळखला तर दोघांनी मिळून पुन्हा लिहावा.