शेंडा जपा!

डिसेंबर आला की कॉलेजात नाताळची तयारी सुरू होते आणि कुणीतरी मला हमखास विचारतं, "तुमच्या उज्जैनच्या उन्हात कुठलं आलंय ख्रिसमस ट्री?" आलंय की! आमच्या गच्चीवर एक आहे. चार वर्षांपूर्वी हौसेने आणलं, पण त्याची माहिती काही करून घेतली नाही. त्यापायी माझ्या झाडाचं जे झालं, ते तुमच्या झाडाचं होऊ नये म्हणून हा लेख.

नर्सरीत ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, ते बहुधा अरोकेरिया असतं. देवदारासारखंच हे शंकुधारी झाड. याला फुलं-फळं नसतात, बी शंकूत तयार होतं. शास्त्रीय नाव अरोकेरिया हेटरोफिला. हेटरोफिला म्हणजे वेगवेगळ्या पानांचं: लहानपणी पानं मऊ सुयांसारखी, मोठेपणी खवल्यांसारखी. त्याचं मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेचं नॉरफोक बेट, जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचं. १७७४ मध्ये कॅप्टन जेम्स कुकने तिथली उंच, सरळ झाडं पाहिली आणि त्याला त्यात जहाजांच्या डोलकाठ्या दिसल्या! पुढे ते लाकूड त्या कामाचं निघालं नाही, ही गोष्ट वेगळी. आज जगभर कुंड्यांत दिसणारं हे झाड नैसर्गिक रानात मात्र दुर्मीळ आहे. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद आहे.

आता माझी चूक. दुसऱ्या वर्षी माकडांनी झाडाचा शेंडा मोडला. आजी म्हणाली, "अगं, गुलाबासारखी एक फांदी खोचून दे दुसऱ्या गमल्यात, नवं झाड होईल." (उज्जैनच्या आमच्या मराठीत कुंडीचा गमला होतो.) मी बाजूची एक फांदी कापून लावली. बऱ्याच महिन्यांनी तिने मूळ धरलं, पण ती वर जाईना. जमिनीला समांतर, आडवीच वाढत राहिली. काठीला बांधली, तरी नवी वाढ आडवीच!

मग वाचल्यावर कळलं. अरोकेरियाच्या खोडाचा शेंडा उभा वाढतो, फांद्या आडव्या वाढतात, आणि हा फरक फांदी कापून लावली तरी पुसला जात नाही. तिला मुळं फुटतात, पण ती फांदीच राहते. गुलाबाचं तसं नाही, त्याची कुठलीही फांदी लावा, उभं झुडूप होतं. अरोकेरियाचं सरळ रोप हवं असेल तर ताजं बी लावायचं, नाहीतर शेंड्याचं कलम करायचं. शेंडा मोडला तर बाजूच्या फांद्या त्याची जागा घेत नाहीत. मात्र खोडातून नवा उभा कोंब फुटू शकतो. आमच्या झाडाला असे दोन फुटले. त्यातला सरळ कोंब ठेवला, दुसरा काढला.

बाकी काळजी अवघड नाही. माळव्याची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हात तडकते. म्हणून कुंडीत तिच्याबरोबर वाळू आणि पानांचं खत मिसळा. पाणी वरची माती सुकल्यावरच द्या. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळचं ऊन पुरे, दुपारी सावली हवी. लू लागली की सुया तपकिरी होतात. खालच्या फांद्या एकदा वाळून गळल्या, की तिथे पुन्हा येत नाहीत. झाड उजेडाकडे झुकतं, म्हणून दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा. सजावट करताना जड दिवे शेंड्यावर टांगू नका!

शंकुधारी झाडं आमच्या भागात अगदीच परकी आहेत असंही नाही. आमची काळी माती ज्या लाव्हाच्या खडकांपासून झाली, त्याच लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात, मध्य प्रदेशातच छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलां इथे, अशा झाडांच्या शंकूंचे जीवाश्म मिळाले आहेत. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं!

आमच्या झाडाचा नवा शेंडा आता वीतभर झालाय. त्याच्याभोवती आजीने स्वतः जाळी बांधली आहे. आडव्या फांदीची कुंडीही मी टाकलेली नाही. या नाताळात दोन्ही शेजारी ठेवणार आहे. कुणी विचारलं, तर फरक दाखवून सांगता येईल.